शेवटचा बेड कुणाला, हा प्रश्न पडेपर्यंत निम्मं ठरून गेलेलं असतं

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर आहेस म्हणतेस म्हणून सरळ अगंतुगं करतोय, माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे, राग मानू नकोस. मी चोवीस वर्षं आयसीयूत काम करतोय, त्यातली पहिली पाच-सहा तुझ्यासारखी फोन कानाला लावून सिनियर काय सांगतात ते करण्यात गेली, पुढची तो फोन घेण्यात.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाइट ड्युटी, आयसीयूत एकच बेड शिल्लक. सव्वाअकराला ७१ वर्षांचे आजोबा आले, जुना सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), धाप लागलेली, एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.२४, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं, कार्बन डायऑक्साइड चढलेला. पाऊण तासाने ३८ वर्षांच्या बाई आल्या, डीकेए (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठतं ती अवस्था), पीएच ७.०५, झापड आलेली, हाक मारली की ओ द्यायच्या आणि परत डोळे मिटायच्या. सिनियरने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, बेड बाईंना दे, आजोबांना वॉर्डात बायपॅप (मास्कमधून हवा ढकलून श्वासाला आधार देणारं मशीन) लाव. बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या. आजोबा सकाळी साडेसहाला वारले. मुलाने विचारलं, "बाबांचं वय झालं होतं म्हणून का?" आणि तू गप्प राहिलीस. आता तू विचारतेयस की चूक झाली का, आणि असा निर्णय करायचा कसा.

मला दिसतंय ते असं की यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बेड कुणाला जायला हवा होता हा एक, ते ठरवलं कुणी आणि कसं हा दुसरा, आणि मुलाला काय सांगायचं हा तिसरा. तू पहिल्यावर झोप घालवतेयस, पण तिथे चूक झालीच असेल तर ती बारीक आहे. खरी गडबड दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आहे, आणि शिवाय एक चौथी गोष्ट आहे जी तू विचारलेलीच नाहीयेस, तिच्याकडे येतो.

आधी हे कबूल करतो की मी तिथे नव्हतो आणि माझ्याकडे निम्मी माहिती आहे. आजोबा घरी स्वतःचं स्वतः करत होते का, बाथरूमपर्यंत चालताना थांबावं लागायचं का, या वर्षातलं हे कितवं अ‍ॅडमिशन, त्यांनी कधी घरच्यांना म्हटलं होतं का की मला मशीनवर ठेवू नका, हे माहीत नाही. बाईंचं पोटॅशियम किती होतं ते नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या रात्री तुझ्या वॉर्डात किती पेशंटना किती सिस्टर होत्या, ते तू लिहिलेलं नाहीस. या गोष्टी कळल्या तर माझं मत इकडचं तिकडे होऊ शकतं. तुझ्या सिनियरला त्या दोन मिनिटांत यातलं किती कळलं असेल, देव जाणे.

आता बेड. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की जो जास्त सिरियस तो आधी. कॅज्युअल्टीच्या दारात ते बरोबरच आहे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे, ट्राएजची, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याची, गोष्ट सांगताना ज्याचं नाव हटकून येतं, त्याचा आग्रह हाच होता की हुद्दा बघू नका, ज्याची जखम जास्त धोक्याची त्याला आधी घ्या. पण आयसीयूच्या बेडला हाच नियम जसाच्या तसा लावलास तर बेड कायम अशा पेशंटनी भरलेले राहतील ज्यांना आपण काहीही केलं तरी फरक पडणार नाहीये. म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात, ज्याची वाचायची शक्यता जास्त त्याला द्या. हेही अर्धवट आहे, कारण ज्याची वाचायची शक्यता सगळ्यात जास्त तो कदाचित बेडशिवायसुद्धा वाचणार असतो. मी स्वतःला विचारतो ते असं: याला बेड मिळाला तर काय होईल, नाही मिळाला तर काय होईल, आणि या दोन्हींत अंतर किती. बेड त्या अंतराला द्यायचा. बोलायला सोपं वाटतं, पण रात्री बारा वाजता हे अंतर कुणी मोजत नाही, माणसं बघतात की कोण तरुण आहे आणि कोण जास्त वाईट दिसतंय.

तुझ्या दोघांना हे लावून बघू. ३८ वर्षांच्या बाई, डीकेए, नीट लक्ष ठेवलं तर या वयात जवळपास सगळेच पेशंट यातून बाहेर येतात. सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियम, तासातासाला शुगर. यात व्हेंटिलेटर कुठेच नाहीये. यात लागतं ते लक्ष. इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम रक्तातून पेशींत जातं आणि रक्तातलं खाली येतं, ते कुणी बघितलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि धडधाकट बाई तासाभरात हातातून जाऊ शकते. म्हणजे बाईंना बेडपेक्षा जास्त गरज होती एका जागत्या सिस्टरची, जी बेडबरोबर फुकट मिळते आणि वॉर्डात मिळत नाही. तुझ्या वॉर्डात त्या रात्री तशी सिस्टर मिळू शकत असती तर मी म्हणेन की बाई बाहेरही सांभाळता आल्या असत्या. एक सिस्टर पंचवीस पेशंट बघत असेल तर मात्र बाईंना आत घेणं बरोबर, यात मला शंका नाही.

आजोबांचं गणित आणखी गमतीचं आहे. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड चढून पीएच खाली आलेला असणं म्हणजे बायपॅप जिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तीच जागा, त्याने मृत्यू कमी होतात आणि श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ कमी येते हे नव्वदच्या दशकापासून अभ्यासांमध्ये परत परत दिसलंय. म्हणजे "वय झालेलं, फुप्फुसं संपलेली, काय उपयोग" असा जो सूर असतो तो या पेशंटला लागूच होत नाही, त्यांना फायदा होण्यासारखा होता. सिनियरने बायपॅप लावायला सांगितला म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं. आणि बायपॅप वॉर्डातही चालतो, पण तो लावून निघून यायचं मशीन नाहीये. तासाभराने परत एबीजी करायची, मास्क गळतोय का बघायचं, ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. मी कितीतरी वेळा बघितलंय, रात्री तीनला कुणीतरी भल्या मनाने येतं, मॉनिटरवर ८९ बघतं, घाबरतं आणि ऑक्सिजन वाढवून जातं, आकडा ९९ होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि पेशंट हळूहळू गाढ झोपतो, कारण कार्बन डायऑक्साइड चढत असतो. नातेवाइकांना वाटतं, बरं झालं, झोप लागली.

म्हणून तुला माझा पहिला उलटा प्रश्न हा आहे की बारा ते साडेसहा या वेळात आजोबांजवळ कोण गेलं, किती वेळा, आणि दुसरी एबीजी किती वाजता झाली? बेड नाकारला म्हणजे उपचार नाकारले असं होत नाही, पण हॉस्पिटलं चालतात ती नेमकी तशीच. एकदा "आयसीयूत नाही" असं ठरलं की त्या पेशंटभोवतीची सगळी हवाच निघून जाते, कुणी तसं म्हणत नाही पण पावलं तिकडे कमी वळतात. माझ्याकडे आता नियम आहे, ज्याला बेड नाकारला त्याला पहिल्या तासात एकदा आणि नंतर दर दोन तासांनी आयसीयूतलाच कुणीतरी जाऊन बघतो, आणि तब्येत बदलली तर प्राधान्यक्रम परत नव्याने मांडायचा. बाराला लावलेला क्रम तीनला खरा असेलच असं नाही. तीनपर्यंत बाईंची झापड गेली असती, पोटॅशियम जागेवर आलं असतं, तर कदाचित दोघांची अदलाबदल करता आली असती. कदाचित, म्हणतोय.

वयाबद्दल, कारण मुलाने तेच विचारलं. वय हे कारण म्हणून वापरायचं की नाही यावर माझं मत वीस वर्षांत दोनदा बदललंय. आज म्हणशील तर, वय हा फार ढोबळ अंदाज आहे, आपल्याला हवं असतं ते दुसरंच काहीतरी, शरीरात झुंजायला किती बाकी आहे ते. त्यासाठी दुर्बलता मोजायची एक पट्टी आहे, कॅनडातल्या रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली, हल्लीच्या रूपात एक ते नऊ, आकडा जितका मोठा तितकी दुर्बलता जास्त, दोन आठवड्यांपूर्वी माणूस काय काय करू शकत होता ते विचारायचं आणि आकडा लावायचा. ७१ वर्षांचा माणूस तीनवर असू शकतो आणि पंचावन्नचा सातवर. पण पट्टीही आंधळेपणाने लावली की फसते. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने कोविडसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात ही पट्टी होती, आणि अपंग व्यक्तींच्या संघटनांनी लगेच आवाज उठवला की ज्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे त्याला रोजच्या कामात मदत लागते म्हणून तुम्ही दुर्बल ठरवणार का, आणि काही दिवसांतच नाइसला सूचना बदलून लिहावं लागलं की तरुणांना आणि स्थिर, जुन्या अपंगत्वाला ही पट्टी लावू नका. त्याच महिन्यात इटलीतल्या अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेने लिहून टाकलं होतं की वेळ पडली तर आयसीयूसाठी वयाची मर्यादा घालावी लागेल, त्यावर केवढा गदारोळ झाला. मला मात्र त्यांच्याबद्दल एक आदर वाटतो, निदान लिहिलं तरी. बाकी ठिकाणी तीच मर्यादा न लिहिता चालू असते, तुझ्या फोनसारखी.

तर इथवरचं सांगायचं झालं तर: बेड बाईंना देणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, वॉर्डची अवस्था धरली तर बरोबरच असावं, पण तो "उघड उघड बरोबर" निर्णय नव्हता आणि दोन मिनिटांचा तर नक्कीच नव्हता.

आता ती चौथी गोष्ट. तू लिहिलंस की बेड एकच होता आणि पेशंट दोन. आत किती बेड होते? दहा? बारा? त्यांवर कोण होतं?

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची माझी रात्र सांगतो. दहा बेडचं आयसीयू, भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर मार्करने बेड नंबर, नाव, डायग्नोसिस, आणि शेवटच्या कॉलमात कुणाचा पेशंट ते. सहा नंबरला एक गृहस्थ होते, हॉस्पिटल चालवणाऱ्यांपैकी एकाचे व्याही. दोन दिवसांपासून वॉर्डात जाण्याइतके चांगले, पाठीला उशी लावून पेपर वाचायचे, सिस्टरला चहा कमी साखरेचा सांगायचे. त्यांना हलवायचं नाही असं कुणी लेखी दिलं नव्हतं, नुसतं शेवटच्या कॉलमात त्या बड्या माणसाचं नाव होतं आणि तेवढं पुरे होतं. रात्री दीडला कॅज्युअल्टीतून फोन, बाळंत होऊन सहा दिवस झालेली मुलगी, सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडलेलं, बीपी लागत नाहीये. मी बोर्डाकडे बघितलं आणि म्हटलं, फुल आहे, दुसरीकडे पाठवा. ती गेली अँब्युलन्समधून, तिकडे तिला घेतलं, पण दोन तास मोडले, आणि तिसऱ्या दिवशी ती वारली असं कळलं. त्या दोन तासांनीच वारली असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला आजही जे टोचतं ते हे की मी तिची आणि सहा नंबरची तुलना करून त्यांना ठेवलं असं झालंच नाही, माझ्या डोक्यात ती तुलना आलीच नाही. मला तर त्या क्षणी वाटलं की माझ्यासमोर काही निर्णयच नाहीये.

जो आत आहे तो आपल्याला स्पर्धेत दिसत नाही, हीच गोची आहे. दारात उभे असलेले दोघं दिसतात, म्हणून सगळी नीतिमत्ता त्या दोघांवर खर्च होते. खरं तर त्या रात्री तुझ्याकडे दोन पेशंट आणि एक बेड नव्हता, बारा-तेरा पेशंट आणि अकरा-बारा बेड होते. आतल्यांत एखादा आता वॉर्डात जाण्याजोगा असतो, सकाळच्या राउंडला पाठवू म्हणून राहिलेला. एखादा असा असतो ज्याच्यावर तीन आठवडे सगळं चालू आहे आणि कुणालाच वाटत नाही की तो बाहेर येईल, पण घरच्यांशी ते बोलायचं कुणी, म्हणून चालू आहे. या दोघांबद्दलचे निर्णय दुपारी चारला शांतपणे घ्यायचे असतात, ते घेतले नाहीत की मग त्याची किंमत रात्री बाराला आलेला अनोळखी माणूस मोजतो.

त्या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटबद्दल जरा थांबतो, कारण अवघड आहे. उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेले थांबवणं यात नैतिक फरक नाही असं बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. माझी बुद्धी मान्य करते. माझे हात अजूनही करत नाहीत, चालू मशीन कमी करताना मला दर वेळी जड जातं, आणि घरच्यांना तर जातंच. शिवाय कायदा देशादेशांत वेगळा आहे, तेव्हा तुझ्याकडे नियम काय ते लिखित स्वरूपात वाचून घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. मला यातून निघालेली वाट म्हणजे पहिल्याच दिवशी मुदत घालून बोलणं. "आपण पाच दिवस सगळं पूर्ण जोर लावून करू, मग परत बसू, तोवर लघवी व्हायला लागली, रक्तदाबाची औषधं कमी झाली तर पुढे जायचं, उलट झालं तर त्रास होऊ न देणं हे मुख्य ठेवायचं." हे पहिल्या दिवशी बोललं की पाचव्या दिवशीचं बोलणं धक्का म्हणून येत नाही. आणि ही मुदत पेशंटच्या भल्यासाठी ठरवायची, दारात कुणी उभं आहे म्हणून अलीकडे ओढायची नाही. एकदा का घरच्यांना वाटलं की दुसऱ्या कुणासाठी आमच्या माणसाचं थांबवलं, तर तुझ्यावरचा विश्वास गेलाच, आणि रास्त कारणाने गेला.

ठरवलं कुणी, हा दुसरा प्रश्न. १९६० मध्ये सिएटलमध्ये स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरने हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बनवली आणि त्यामुळे किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यामागून आठवडे डायलिसिस करणं शक्य झालं. मशीन मोजकी, पेशंट ढीगभर. मग सात जणांची समिती बसवली, एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता, एक सर्जन, नावं गुप्त. त्यांना निकष कुणी दिलेच नव्हते, त्यांनी मग आपल्या मनाने बघायला सुरुवात केली, नोकरी आहे का, लग्न झालंय का, मुलं किती, चर्चला जातो का. १९६२ मध्ये हे एका मासिकात छापून आलं आणि लोक हादरले. १९७२ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की किडनी निकामी झालेल्यांचा खर्च सरकारी योजनेतून होईल, तेव्हा कुठे ते निवडणं मागे पडलं. ती माणसं वाईट नव्हती. निकष नसले की चांगली माणसंही आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला झुकतं माप देतात, त्याला इलाज नाही. तुझ्या सिनियरला त्या दोन मिनिटांत कोण जवळचं वाटलं असेल, ३८ वर्षांची बाई की ७१ वर्षांचे आजोबा, आणि सिनियरचं स्वतःचं वय काय, एवढंच विचारून सोडून देतो.

नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सेबिन या दोघांनी १९९७ मध्ये यावर एक साधी गोष्ट मांडली जी मला फार उपयोगी पडली. त्यांचं म्हणणं, कुणाला काय मिळावं यावर सगळ्यांचं एकमत कधी होणार नाही, तेव्हा निदान ठरवण्याची पद्धत अशी ठेवा की हरलेला माणूसही म्हणेल, ठीक आहे, पटलं नाही पण अन्याय झाला नाही. त्यासाठी कारणं उघड हवीत, ती मुद्द्याशी संबंधित हवीत, निर्णय परत तपासून मागता यायला हवा, आणि हे सगळं खरंच पाळलं जातंय का हे बघणारं कुणीतरी हवं. आता तुझी रात्र यावर ठेवून बघ. कारण उघड नाही, केसपेपरवर काय लिहिलंयस? "आयसीयू बेड उपलब्ध नाही", हो ना? सगळे तेच लिहितात, मीही लिहायचो. हे खोटं आहे गं, बेड होता, दुसऱ्याला दिला. परत तपासायची सोय नाही. बघणारं कुणी नाही.

माझ्याकडे हल्ली दोन सिनियर मिळून ठरवतात, त्यातला एक असा ज्याचा त्या दोघांपैकी कुणीच पेशंट नाही, आणि तीन ओळी लिहितात: कुणाला दिला, कोणत्या वैद्यकीय कारणाने, परत कधी बघणार. जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतात. या तीन ओळी लिहायला बसलं की मजा होते, जे कारण लिहायला हात धजत नाही ते कारण वापरता येत नाही. "ओळखीचा आहे" असं कोण लिहील?

आणि दोघं अगदी सारखेच निघाले तर? होतं असं, क्वचित. तेव्हा मी चिठ्ठी टाकायच्या बाजूचा आहे, ऐकून लोकांना शिसारी येते, पण आधी येईल त्याला आधी हा नियम दिसतो तेवढा निष्पक्ष नाही, ज्याच्या दाराशी गाडी आहे, ज्याला कुणाचा फोन नंबर माहीत आहे, तो कायम आधी पोचतो. तुझे आजोबा पाऊण तास आधी आले होते, मला त्याला फार वजन द्यावंसं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन अगदी थोडं उपलब्ध होतं, सगळ्या क्षयरोग्यांना पुरणारच नव्हतं, तेव्हा वैद्यकीय संशोधन परिषदेने १०७ पेशंट घेऊन कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती हे नशिबावर सोडलं, ५५ जणांना औषध आणि ५२ जणांना नुसती विश्रांती, आणि १९४८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासावर आपलं आजचं संशोधन उभं आहे. तुटवडा होता म्हणून चिठ्ठी न्याय्य ठरली. ओळख दाखवून औषध मिळवण्यापेक्षा ते नक्कीच बरं होतं.

मुलाबद्दल. गप्प राहिलीस याचा तुला जास्त त्रास होतोय असं मला वाचताना वाटलं, बेडपेक्षाही. त्याला दुसऱ्या पेशंटबद्दल काही सांगायचं नाही, वय, आजार, बाई होत्या हेसुद्धा नाही, तो त्या बाईंचा हक्क आहे. पण हे सांगता येतं: "त्या रात्री एक बेड होता आणि गरज एकाहून जास्त जणांना होती. तो तुमच्या बाबांना मिळाला नाही. बाबांना वॉर्डात हे हे उपचार दिले." आणि वयाचं तो परत विचारेल. वय हे कारण नव्हतं हे तुला सिनियरकडून खात्रीने कळलं असेल तरच नाही म्हण. आधी सिनियरला विचार, वाद घालायला म्हणून नाही, सरळ, "सर, त्या रात्री आपण काय बघून ठरवलं, मला समजून घ्यायचंय." चांगला माणूस असेल तर सांगेल, आणि शक्यता आहे की तोही त्याच रात्रीपासून तेच चघळतोय. मुलाशी बोलायचं काम खरं त्याचं आहे, तुझं एकटीचं नाही, त्याला सोबत घे. वय हेच कारण निघालं तर खोटं बोलू नका, दोघांनीही. माझ्या अनुभवात नातेवाईक कटू उत्तर पचवतात, टोलवाटोलवी मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

तुझी जी अवस्था झालीय तिला नाव आहे, मॉरल डिस्ट्रेस, अँड्र्यू जेमटन याने १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात वापरलेला शब्द: काय करायला हवं ते माणसाला कळतंय पण ज्या व्यवस्थेत तो उभा आहे ती ते करू देत नाही. तुझ्या बाबतीत तर काय करायला हवं होतं तेही धड कळत नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. यावर "सवय होईल" असं सांगणारे भेटतील. होते सवय. मला झाली होती, म्हणूनच तर त्या रात्री बोर्ड बघून फुल आहे म्हणालो.

गुरुवारी परत नाइट आहे म्हणतेस. एक कर, ड्युटी सुरू झाली की आयसीयूतल्या सिस्टरबरोबर बोर्डासमोर पाच मिनिटं उभी राहा आणि विचार, आत्ता बेड लागला तर पहिला बाहेर कोण जाऊ शकेल. सिस्टरला ते नेहमी माहीत असतं, कुणी विचारत नाही. ते नाव सिनियरला आठ-साडेआठलाच सांगून ठेव, तेव्हा तो जागा असतो आणि जेवलेला असतो, बाराला फोन केलास तर तो झोपेत असेल. आणि त्या मुलाचा नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर असेल, पेपर रेकॉर्ड रूमला जायच्या आधी लिहून घे.